जो घाबरला, तो पुढे

माझ्या भावजयीला मी टाचणी म्हणते. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते. बाईच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असतात आणि त्यांच्या फटीतूनच ती जगाशी बोलते. अंगाने इतकी बारीक, की सोसाट्याचा वारा सुटला तर मशीनला धरून बसावं. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं कपडे अल्टर करण्याचं दुकान. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीवर टांगलेल्या लोकांच्या लांब-आखूड पँटी. गळ्यात मापाची पट्टी आणि खिशात खुणा करायचा निळा खडू. कितीही धुतला तरी तिच्या गाऊनच्या खिशाचा निळा डाग काही जात नाही.

लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही बाई पोरांना घडी घालून कपाटात ठेवील. कसलं काय! सुट्टीचा दिवस उजाडला की दुकान बंद, पाठीवर पिशव्या, आणि चौघंजण चालले रानात नाहीतर डोंगरावर. माझा भाऊ छापखान्यात पुस्तकं बांधतो. आठवडाभर मान वर करत नाही, पण त्या दिवशी हमाल होऊन आनंदाने ओझी वाहतो. तंबूसुद्धा तिने घरीच शिवला, फाटक्या छत्र्यांच्या कापडाचा. काळा तुकडा, निळा तुकडा, मध्येच फुलाफुलांचा. मी म्हटलं, "लांबून बघणाऱ्याला वाटेल, धोब्याची गाडी उलटलीय." ती हसली. हसताना एकही टाचणी पडली नाही, हे तिचं कौशल्य.

त्यांच्या भटकंतीचा नियम एकच. जो घाबरला, तो पुढे. हा नियम तिच्या वडिलांचा. ते पोस्टमन होते, पायी डाक वाटायचे आणि शाळेला सुट्टी असली की लेकीला सोबत न्यायचे. कुत्र्यांच्या भीतीने ती मागे मागे राहू लागली की ते म्हणायचे, "बाळ, मागे राहिलेला घाबरट कुणाला दिसत नाही. पुढे चाल. तुझा वेग तोच आपल्या सगळ्यांचा वेग." मला तो नियम साफ खुळचट वाटायचा. घाबरलेल्या पोराला पोटाशी धरायचं की तोफेच्या तोंडी द्यायचं?

दुसरी तिची खोड धंद्यातली. पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा धावदोरा घालायचा, अंगावर चढवून बघायचं, मगच मशीन. पोरांच्या भीतीलाही ती आधी घरात धावदोरा घालायची. थोरल्या पोराला आम्ही बोका म्हणतो, तो पाण्याला भ्यायचा. त्याला महिनाभर कपडे भिजवायच्या टबात तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावलं. न्हाणीघराचं तळं झालं, मी दोनदा घसरले, शिव्या घातल्या. पण त्या उन्हाळ्यात बोका तळ्यात पोहला हो! घरी येऊन मलाच म्हणाला, "आत्या, टबात बसतेस का?" उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आता धाकटीचं सांगते. तिला आम्ही चिमणी म्हणतो, आठ वर्षांची. नाव चिमणी आणि उंचीची इतकी धास्ती, की स्टुलावर उभं केलं तरी डोळे मिटून घ्यायची. त्या वर्षी शाळेचा आतला जिना पाडून नवा बांधायला काढला. चिमणीचा नवा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि वर जायला बाहेरून लावलेला लोखंडी जिना. पायऱ्यांमध्ये हीऽऽ एवढाली फट, खालची फरशी सरळ दिसते. भावाने तिला एकदा दाखवायला नेलं, तर ती चौथ्या पायरीवर बसली आणि भीतीने चड्डी ओली केली. सगळ्या पोरांसमोर. मुख्याध्यापिका बाई भल्या, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं, "दोन महिन्यांत जमलं तर ठीक. नाहीतर यंदा तळमजल्यावरच्या जुन्याच वर्गात बसवा, किंवा दुसरी शाळा बघा." चिमणीची एकुलती एक मैत्रीण त्या वरच्या वर्गात जाणार होती. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मी म्हटलं, "शाळा बदला. जीव महत्त्वाचा की जिना?"

टाचणीने त्या दिवशी ओठांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. तेव्हाच मी ओळखलं, आता काहीतरी लागणारं ऐकावं लागणार.

"वन्सं, राग मानू नका," ती म्हणाली. "पण ही खिडकीपाशी गेली की 'पडशील!' कोण ओरडतं? खुर्चीवर चढली की 'सरक मागे!' कोण म्हणतं? आठ वर्षं रोज ऐकतेय ती."

खाई त्याला खवखवे. खरं सांगायचं तर या घरात वीस वर्षं राहून मी गच्ची पाहिलेली नाही. माझे कपडे मी खिडकीतल्या दोरीवर वाळत घालते. विचारलं कुणी, तर सांगते गुडघा दुखतो. गुडघा माझा ठणठणीत आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय. माझी भीती मी पोरीच्या अंगावर चढवली, मापसुद्धा न घेता, आणि ती तिला अगदी घट्ट बसली. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. कुणाला सांगितलं नाही, आज सांगतेय.

टाचणीने कामाला सुरुवात केली. रानातल्या ओढ्यावर एक आडवं लाकूड टाकलेलं होतं, वरून तासून सपाट केलेलं. रुंदी वीतभराहून थोडी जास्त, पण दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत. ते चिमणीने ओलांडायचं. त्याआधी घरात धावदोरा. दुकानाच्या फरशीवर निळ्या खडूने लांब रेघ मारली आणि पोरगी रोज त्या रेघेवरून चालायची. आधी तशीच, मग डोक्यावर उशी घेऊन, मग बोका बाजूने भुंकत असताना. गिऱ्हाईकं पँट हातात धरून कडेने जायची. महिन्याभरात चिमणी त्या रेघेवरून पळू लागली.

ओढ्यावर जायच्या दिवशी मीही निघाले. खोटं कशाला बोलू, पोरीला परत आणायलाच निघाले होते.

भाऊ खाली गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला, हात वर करून. चिमणीच्या कमरेला दोर बांधला, त्याचं टोक टाचणीच्या हातात. चिमणी पुढे, मागे आई, तिच्यामागे बोका. मी काठावरच दगडावर बसले. "माझा गुडघा," म्हटलं. चिमणीने वळून माझ्याकडे एकदा बघितलं आणि लाकडावर पाय ठेवला.

सात-आठ पावलं झकास गेली. मधोमध पोहोचली आणि थांबली. खाली बघितलं. कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरला.

"आई, रेघ कुठंय?"

टाचणीचा चेहरा खर्रकन उतरला. महिनाभर पोरगी रेघ बघून चालायला शिकली होती आणि लाकडावर रेघच नव्हती! सगळं माप बरोबर घेतलं आणि कापड उलटं कापलं, तशातली गत. "माझंच चुकलं गं," ती म्हणाली. पोरीला ओलांडून पुढे जायला तर जागाच नव्हती.

मी ओरडले, "परत आण तिला! पडेल ती!" ओरडले आणि स्वतःचीच जीभ चावली.

टाचणीने खिशातून खडू काढला आणि मागून पोरीच्या हातात दिला. "रेघ तूच मार."

चिमणीने खडू मुठीत धरला. मग हळूच खाली बसली. पुढे वाकून हातभर रेघ मारली. उठली, त्या रेघेवरून चालली. परत बसली, परत हातभर रेघ. नाक गळतंय, डोळे गळतायत, आणि रेघ मात्र सरळ, आईसारखी. पलीकडच्या काठावर पाय टेकला आणि तिने जी आरोळी ठोकली ना, झाडावरचे पक्षी उडाले! भाऊ पाण्यातच नाचायला लागला आणि सपशेल आडवा झाला. मी एकटी अलीकडच्या काठावर टाळ्या पिटत होते, आणि मला माझीच लाज वाटत होती.

चिमणीने तो खडू आईला परत दिलाच नाही.

शाळा उघडली त्या सकाळी टाचणीला एकदम गिऱ्हाईकाची घाई लागली. "वन्सं, तुम्ही सोडा ना तिला वर्गापर्यंत," टाचण्यांमधून म्हणाली, माझ्याकडे न बघता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. भारी पोहोचलेली बाई आहे ती.

जिन्यापाशी आलो. चिमणीचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने कठडा धरला आणि एक-एक करत सहा पायऱ्या चढली. मग मागे बघितलं. मी दुसऱ्या पायरीवर, दोन्ही हातांनी कठड्याला घोरपडीसारखी चिकटलेली. फटीतून खालची फरशी दिसत होती. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

"तू जा गं बाळ," मी म्हटलं. "माझा गुडघा..."

पोरगी सहाच्या सहा पायऱ्या खाली उतरली. माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

"आत्या, जो घाबरला, तो पुढे."

"मी नाही घाबरले!"

"घाबरलीयेस, मला माहितीये," ती म्हणाली. "ओढ्यावरपण माहीत होतं." आणि खिशातून खडू काढून माझ्या मुठीत कोंबला. "रेघ तूच मार."

काय सांगू! पन्नाशी उलटलेली बाई मी. मागे पोरांची रांग लागली, कुणी खिदळतंय. मी वाकले, वरच्या पायरीवर निळी रेघ मारली आणि तिच्यावर पाय ठेवला. परत वाकले. परत रेघ. पहिला मजला झाला. मागून चिमणीने इवल्याशा मुठीत माझा पदर घट्ट धरलेला होता. दुसरा मजला झाला. मागून हळूच विचारते कशी, "आत्या, वाकताना गुडघा दुखत नाही का गं?"

"गप बस, कार्टे!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी त्या जिन्यावर हसत सुटलो. हसता हसता शेवटच्या बारा पायऱ्या कधी सरल्या कळलंच नाही, रेघा मारायच्याही राहिल्या.

वर वारा होता. सगळ्या गच्च्या खाली दिसत होत्या, त्यांत आमचीही. चिमणीची मैत्रीण दारातून धावत आली. वर्गाच्या बाईही बाहेर आल्या आणि माझे निळे झालेले हात बघून म्हणाल्या, "अरे वा, हिला सोडायला आलात?"

चिमणीने माझा हात धरला, मान ताठ केली, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"नाही बाई. मी आत्याला आणलंय."