मावशीने सोडलेला गाळा

माझी धाकटी मावशी भुवया कोरते. तिच्या दोन खोल्यांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत एक मागे कलणारी खुर्ची, एक आरसा आणि एक टेबलफॅन, एवढंच तिचं पार्लर. दोऱ्याचं टोक दातात धरल्यावर तिला बोलता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं मनसोक्त बोलून घेतात. अख्ख्या गल्लीतल्या सासवासुनांची गाऱ्हाणी तिच्या पोटात आहेत आणि तिथून आजवर एकही बाहेर आलेलं नाही.

तिला हौस एकच होती, रस्त्यावर स्वतःचं दुकान. नाक्यावरचा एक गाळा तिने हेरून ठेवला होता आणि एकेक भुवई करून त्याच्यासाठी पैसे साठवले होते. रिकामा झाला की तुम्हालाच देईन, असा गाळामालकाचा शब्दही होता.

तेवढ्यात मला परदेशातल्या विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला. फीपुरतं कर्ज बँकेने दिलं. पण वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे खात्यात आहेत हे व्हिसासाठी दाखवायचं होतं, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. बाबा गोदामात कारकून. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणाले. नातेवाइकांनी सल्ले भरपूर दिले, ते फुकट असतात.

मावशी म्हणाली, "भाऊजी, अंथरूण कमी पडतंय तर जोड देऊ की. पोरीचे पाय कशाला आखडताय?" आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचे सगळे पैसे तिने माझ्या खात्यात भरले.

व्हिसाची वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी तिच्याकडेच पडलेली असायची. एका दुपारी गाळामालक दारात येऊन उभा राहिला. खुर्चीत शाळेतल्या बाई होत्या, त्यांची एक भुवई झालेली, दुसरी व्हायची होती.

"ताई, गाळा रिकामा झाला," तो म्हणाला. "एक मोबाइलवाला आगाऊ रक्कम घेऊन मागे लागलाय. सोमवारपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. पुढे माझा नाइलाज."

मावशीच्या दातात दोरा. तिने मानही हलवली नाही.

"मावशी, मी उद्या पैसे काढते," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी जाईन, त्यात काय एवढं." मला वाटलं होतं तितका माझा आवाज धीट निघाला नाही.

दोरा चालूच. गाळामालक आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाई तर श्वास रोखूनच पडल्या होत्या. दुसरी भुवई संपली तेव्हा तिने दोरा काढला, बाईंना पावडर लावली आणि मालकाला म्हणाली, "देऊन टाका त्याला."

"ताई, असा गाळा परत मिळायचा नाही."

"माहीत आहे मला." मग माझ्याकडे वळली. "आणि तू गं, पुढचं वर्ष कुणी बघितलंय? पैशाला हात लावलास तर बघ."

बाई जाताना दुप्पट पैसे ठेवून गेल्या. मावशीने हाक मारून जास्तीचे परत केले.

व्हिसा आला तोवर नाक्यावर मोबाइलचं दुकान थाटलं होतं.

तिकडचं पहिलं वर्ष मी मावशीच्या पैशांवर काढलं. थंडीचा कोट घ्यायला गेले, तर दुकानाच्या दारातून दोनदा परत फिरले. कोटाची किंमत मी भुवयांत मोजत होते. नोकरी लागल्यावर आधी तिचे पैसे फेडले, पण एव्हाना नाक्यावरचे भाव आभाळाला भिडले होते. वरचे मी घालते म्हटलं, तर म्हणाली, आता तासभर उभं राहिलं की पाय भरून येतात, दुकान कुणाच्या जिवावर चालवू? ती अजून बाहेरच्या खोलीतच आहे. पैसे फिटले. बाकीचं फिटणारं नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

मागच्या खेपेला आम्ही दोघी नाक्यावरून चाललो होतो. मोबाइलचं दुकान आलं तशी मावशी रस्त्याच्या पलीकडे बघायला लागली. पलीकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"अजून वाईट वाटतं?" मी विचारलं. छे, काहीतरीच, असं ती म्हणेल अशी माझी खात्री होती.

"वाटतं तर," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? म्हणून तर इथून जाताना तोंड फिरवते. दुकानाकडून फिरवता येतं गं. तुला नाही म्हटलं असतं, तर तू समोर आल्यावर मी कुठे बघणार होते?"