माझ्या कॉइलचे आठ ओहम

“तुझ्या घरातला साठ वॅटचा बल्ब घे. दोनशे तीस व्होल्ट. करंट किती, रेझिस्टन्स किती?”

फिजिक्सच्या सरांनी मला उभं केलं होतं. जळगावचं ज्युनिअर कॉलेज, अकरावी सायन्स. मी खरं ते सांगितलं.

“सर, आमच्या घरी लाइट नाही.”

“मग रॉकेलच्या चिमणीचा रेझिस्टन्स काढ.”

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. आणि मला गणित येत होतं हो! साठला दोनशे तीसनं भागायचं, करंट पाव ॲम्पिअरच्या जरा वर. व्होल्टला त्या करंटनं भागलं की रेझिस्टन्स, नऊशे ओहमच्या आसपास. उत्तर ओठांवर होतं. पण हसणं थांबायच्या आत सरांनी हातानंच खाली बस म्हणून खूण केली आणि दुसऱ्या पोराला उठवलं.

आमचं गाव एरंडोलकडचं. गावात खांब होते. आमची वस्ती गावाबाहेर, तिथं खांब नव्हते. तार मात्र आमच्याच छपरांवरून पुढं गेली होती, पाटलाच्या मळ्यातल्या मोटारीला. केळीला पाणी मिळायचं, आम्हाला उजेड नाही. हे सरांना सांगायचं होतं. मी नुसतीच खाली बसले. त्याचा राग आजही येतो.

मग प्रॅक्टिकल सुरू झाली. पहिलंच ओहमच्या नियमाचं. बॅटरी, करंट कमी-जास्त करायचा रिओस्टॅट, ॲमीटर, व्होल्टमीटर आणि मधे एक कॉइल. व्होल्ट वाचायचे, करंट वाचायचा, भागाकार केला की कॉइलचा रेझिस्टन्स. दोघांचा गुणाकार केला की पॉवर. काय अवघड आहे त्यात? मी वायर उचलली तर सर लांबूनच ओरडले, “मीटर नाजूक असतात. ज्यांना सवय आहे त्यांनीच हात लावा.”

सवय! सवय कुठून आणायची? बाजारात मिळते?

माझ्या टेबलावर एका डॉक्टरांचा मुलगा होता. त्यानं माझ्या हातातली वायर काढून घेतली आणि म्हणाला, “तू आकडे लिही.” वाईट नव्हता तो. पण त्याला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. हेच जास्त झोंबलं.

आकडे लिहिणंही पुरतं होत नसे. कुणाचं जमो न जमो, शेवटी सर फळ्यावर ‘स्टँडर्ड रीडिंग’ लिहायचे. दोन व्होल्टला पॉइंट चार ॲम्पिअर. रेझिस्टन्स पाच ओहम. सगळ्यांनी उतरवून घ्यायचं. पोरं ते पाढ्यासारखं पाठ करायची. कॉइल कुठलीही असो, उत्तर पाच.

सुट्टीत घरी गेले आणि आईपाशी रडले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “कसाले रडस? तुनं काय चुकनं?”

माझं काहीच चुकलं नव्हतं. मग मी का रडत होते? डोळे पुसले ते तिथंच.

बारावीची पूर्वपरीक्षा आली. त्यात प्रत्येकाला टेबल वेगळं. पहिल्यांदाच सगळं सामान माझ्या एकटीच्या पुढ्यात. वायरी जोडल्या, स्विच दाबला आणि ॲमीटरचा काटा शून्याच्या मागं जाऊन आपटला. शेजारचा खुदकन हसला.

सर आले. हळूच म्हणाले, “सोड ते. पाच ओहमवालं रीडिंग लिहून टाक. तुम्हा लोकांना पास व्हायचंय ना? मी करतो पास.”

तुम्हा लोकांना. डोकंच सणकलं माझं. पास होणं मला हवंच होतं, त्याच्यावर सगळं अवलंबून होतं. पण असं? भीक घातल्यासारखं?

“नाही सर. मीच करते.”

काटा मागं का गेला, विचार केला. प्लस-मायनस उलटं झालं होतं. वायरी बदलल्या. काटा पुढं सरकला. दोन व्होल्टला पाव ॲम्पिअर. रिओस्टॅट सरकवून पुन्हा वाचलं, पुन्हा भागलं. दरवेळी आठच्या आसपास. दोन व्होल्टला पॉवर अर्धा वॅट. तसंच लिहिलं.

सरांनी बघितलं. “इथं वर्षानुवर्षं पाच येतं.”

“या कॉइलचे आठ येतात सर. तुम्ही बघा ना.”

त्यांनी मीटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. लाल पेनानं आठवर काट मारली. “खोडून पाच कर. शेवटचं सांगतो.”

“नाही करणार.”

“मग नापास.”

“करा.”

केलं नापास. बाहेर येऊन मैत्रिणी मलाच बोलल्या, एवढा कसला गं माज? बोर्डाच्या प्रॅक्टिकललाही परीक्षक सरच असणार होते. भीती वाटत होती. भयंकर वाटत होती.

पण त्याच दिवशी ठरवलं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला वायर मी जोडणार. काटा मी वाचणार. येईल तेच उत्तर लिहिणार, आणि कुणी काट मारली तर त्याच्या खाली तेच पुन्हा लिहिणार. पास होईन ती माझ्या हातानं. नाही झाले तर पुढच्या वर्षी याच लॅबमध्ये, याच टेबलापाशी येऊन उभी राहीन.

आता कुणाला विचारून हात लावणार नाही.