पाच नळ्यांचं वेळापत्रक

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे लेन्सबाई म्हणत. डोळ्यात पहिल्यांदा लेन्स घालायला आलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं. बोट जवळ आलं की पापणी फटकन मिटायची. गिऱ्हाईक ओशाळायचं, सोबतची बायको खेकसायची, "उघडा ना नीट! लहान आहात का?" लेन्सबाई आधी त्या बायकोला बाहेर बसवायची.

घरात मात्र तिलाच कोणी नीट बसू देत नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि नवरा-बायकोचा संबंध एकदाही जमला नव्हता. नवरा जवळ आला की आत भिंत उभी राहायची आणि आग व्हायची. नवऱ्याच्या पोटात काही राहत नसल्यामुळे सासूलाही सगळं ठाऊक होतं.

"नखरे आहेत, दुसरं काय!" सासू भाजी निवडता निवडता म्हणायची. "माझ्या वेळी असली थेरं नव्हती. तीन पोरं झाली."

"झाली असतील. दुखतंय का, हे कोणी विचारलं होतं?"

"त्यात विचारायचं काय?" सासूने मेथीची जुडी परातीत आपटली.

पहिल्या डॉक्टरने मन रमवा, फिरून या, असा सल्ला देऊन फी घेतली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी हळूच तपासलं. ती दचकताच हात मागे घेतला आणि नाव सांगितलं, व्हजायनिस्मस. योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात, तिने ठरवून नव्हे.

"म्हणजे मी नाटक करत नाही?" ती जवळजवळ ओरडलीच.

"तुमच्या दुकानात पापणी मिटते, ते नाटक असतं?"

बाईंनी श्वासाचे आणि स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकवले. करंगळीएवढ्या नळीपासून चढत्या जाडीच्या पाच गुळगुळीत नळ्या दिल्या. जेली लावून, स्वतःच्या हाताने, सावकाश. एक न दुखता जमली तरच पुढची. तोवर संबंधाचा प्रयत्न बंद.

नवरा बाटल्या भरायच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने संध्याकाळीच कागदावर रेघा मारून तक्ता केला. आठवड्याला एक नळी, सहाव्या आठवड्यात 'काम पूर्ण'. तो त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. टॉवेल काढायला कपाट उघडलं की सासूही वाचायची.

तिसऱ्या आठवड्यात ती दुसऱ्या नळीवर होती.

"मागे पडलोय आपण," नवरा म्हणाला. "उद्या थेट चौथी घे. लाइन अशी तुंबून चालत नाही."

"मी लाइन नाही."

"मग आयुष्यभर हेच करत बस!"

त्या टोमण्याने ती हट्टाला पेटली आणि दुसऱ्या दिवशी तिने चौथी घेतली. कळ थेट मस्तकात गेली. पुढचे दहा दिवस करंगळीएवढी नळीसुद्धा आत शिरेना. आपल्या हाताने आपणच घात केला, म्हणून तिला स्वतःचाच सर्वांत जास्त राग आला.

"डॉक्टरकडे माझ्याबरोबर चल," तिने नवऱ्याला सांगितलं. "त्या तुलाही समजावतील."

"मला काय झालंय? बिघाड तुझ्यात आहे. महिनाअखेरीपर्यंत बघतो, नाहीतर जा माहेरी."

ती महिनाअखेरीपर्यंत थांबली नाही. तिने तक्ता ओढून फाडला, बॅग भरली. माहेरीही हेच ऐकावं लागलं असतं, म्हणून दुकानाच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. दार बंद केल्यावर कोणी ठोठावत नाही ना, एवढंच तिने घरमालकिणीला विचारून घेतलं.

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. कधी चार दिवस जमायचं, पाचव्या दिवशी अंग ऐकायचं नाही. मग ती नळी धुऊन ठेवून द्यायची आणि वर्तमानपत्र वाचत पडायची.

दोन महिन्यांनी नवऱ्याचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"कितवी चालू आहे?"

तिसरी चालू होती, न दुखता.

"तुला काय करायचंय?" असं म्हणून तिने फोन ठेवला.