औशाची सावड आणि आमचं टोकन

"संध्याकाळपर्यंत ही सगळी खाती कायमची बंद करा," सर पुण्याहून म्हणाले. "एकच माणूस दहा-पंधरा खाती चालवतोय. उघड फ्रॉड आहे."

मी लातूरला घरून एका ब्लॉकचेन गेमचं काम करते. गेम शेतीचा. त्यातला बैल तुम्ही घेतलात की मालकीची नोंद एकाच वेळी असंख्य कॉम्प्युटरवर होते. कंपनीलाही ती गुपचूप खोडता येत नाही. टोकन म्हणजे गेममधलं चलन. पीक काढलं की मिळतं, चारा-बियाण्यावर खर्च होतं, बाजारात विकताही येतं. सगळे नुसतेच विकायला लागले तर भाव कोसळतो. म्हणून खर्चाच्या वाटा काढत राहणं, हे माझं काम.

संशयित खाती औशाची होती. सगळ्यांचे बैल एका दिवशी एकाच्या रानात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. भाडं शून्य.

"फुकट बैल कोण देतं?" सर म्हणाले.

आमच्याकडे देतात, हे त्यांना फोनवर सांगून पटलं नसतं. मी औशाची बस धरली.

खाती बंद होणार अशी नोटीस मिळाल्यावर तक्रार करणारे व्यंकटराव तिथे खत-बियाण्याचं दुकान चालवतात. दुकानात त्यांच्या वहिनी, शेजारचा टेलर, दोन शिक्षक, असे सगळे फोन घेऊन जमले होते. चेहरे पडलेले.

"मॅडम, दोन वर्षं झाली हे बैल पोसायलो," व्यंकटराव म्हणाले. "आमी सावड करतो. आज माझं रान, उद्या वहिनीचं. यात चोरी कसली?"

मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. "आता सगळ्यांनी एकदम आपापल्या बैलाला चारा घाला." दुकानभर अंगठे हलले. माझ्या लॅपटॉपवर एकेक खातं जागं झालं. सरांनी आदेश मागे घेतला. खाती वाचली. वहिनींनी मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पण सरांना त्यात फीचर दिसलं. 'सावड' नावाचं बटण, दर वेळी थोडं टोकन.

"फी नको," मी म्हटलं.

"टोकन खर्च व्हायला हवं, हे तुमचंच म्हणणं ना?"

माझंच होतं. बटण सुरू झालं; ते दाबल्याशिवाय बैल दुसऱ्याच्या रानात जाईना. काही दिवसांत औशाची रानं ओस पडली. मी फोन केला.

"टोकन परवडत नाही का?"

"परवडतंय की. लई थोडं हाय," व्यंकटराव म्हणाले. "पण वहिनीच्या रानात जायला तुमाला टोकन द्यायचं म्हणल्यावर ती सावड न्हाई राहिली, मॅडम."

ऐकून लाज वाटली आणि सरांचा रागही आला. मी भांडून फी काढायला लावली. तरी त्यांच्यातलं कुणी परत आलं नाही.

आता नवं डिझाइन आलं की मी पहिल्यांदा बघते, लोक एकमेकांसाठी काय फुकट करतात. तेवढं सोडून उरलेल्यावर टोकन लावते. सर म्हणतात, तुमच्या अशा वागण्यानं कंपनी चालायची नाही. कंपनी चालते ती औशासारख्या माणसांमुळेच, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं.