लाल टोकाच्या काठ्या

बंदरातले लोक माझ्या काकांना 'पट्टी' म्हणायचे. धक्क्याच्या खांबावर पाण्याची उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती, आणि तिच्यावरचा आकडा दिवसातून चार वेळा वहीत लिहिणं ही काकांची तीस वर्षांची नोकरी. माणूसही तसाच आखीव. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहायचे. दाराशी चपला एका रेषेत नसल्या तर पाहुण्यालाही पुन्हा काढायला लावतील, अशी त्यांची ख्याती होती.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांच्या डोक्यावर बसतो. आईने तर धसकाच घेतला होता. पण धक्क्याच्या पलीकडे समुद्रात शिरलेल्या वाळूच्या दांड्यावर काकांना छोटे सुरय पक्षी सापडले आणि आम्ही सुटलो.

"सगळे सुरय सारखेच की," असं मी एकदा म्हणून गेले आणि अर्धा तास अडकले.

"सारखे कसे? हा साळुंकीएवढा. चोच पिवळी, पण टोक शाईत बुडवल्यासारखं काळं. डोक्यावर काळी टोपी आणि कपाळ पांढरं. मोठ्या सुरयाचं कपाळ या दिवसांत काळं असतं. आधी कपाळ बघायचं, म्हणजे फसगत होत नाही."

हा पक्षी कितीतरी देशांच्या किनाऱ्यांवर वीण करतो आणि थंडीत उबदार समुद्रांकडे निघून जातो, हेही त्यांनीच सांगितलं. सांगण्याचा थाट असा, की त्या सगळ्या बदल्या यांच्याच सहीने झाल्या असाव्यात.

घरटं मात्र नावालाच. वाळूत पोट टेकून, पायांनी उकरून वाटीएवढा खळगा करायचा आणि त्यात दोन-तीन अंडी घालायची. अंडी वाळूच्याच रंगाची, वर ठिपके. नर-मादी आळीपाळीने तीन आठवडे उबवतात. इतकं करून शेवटी फिरायला येणाऱ्या कुणाचा तरी बूट त्यावर पडायचा, नाहीतर कुत्र्याचा पाय.

काकांनी उपाय काढला. हातभर लांबीच्या काठ्या तासल्या, टोकं लाल रंगवली आणि प्रत्येक घरट्याशेजारी एकेक रोवली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. सुट्टीत रंगाचा डबा माझ्याकडे आला. पहिल्या वर्षी चाळीस घरटी होती, लोक काठ्या बघून वळसा घालू लागले, पिल्लंही भरपूर उडाली. वर्तमानपत्रात काकांचा फोटो आला. तो त्यांनी चौकटीत बसवला आणि भिंतीवर टांगताना पाणसळ लावून बघितली.

दुसऱ्या वर्षापासून अंडी नाहीशी व्हायला लागली. काकांनी कुत्र्यांना दोष दिला, मग उनाड पोरांना. भरतीला देता येईना, कारण पाणी तिथवर चढलेलं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिसऱ्या वर्षी एका सकाळी मी त्यांचा चहाचा थर्मास घेऊन गेले. ते दांड्याच्या टोकाला होते. त्यांच्या बराच अलीकडे एक कावळा एका काठीपाशी उतरला, वाकला, चोच पुसली आणि चालत पुढच्या काठीकडे गेला. वाळूत काही शोधतही नव्हता. त्याला लाल टोक पुरेसं होतं. मला तिथेच सगळं कळलं.

घरी आले तेव्हा सांगायचं ठरवलंच होतं. पण काका दुपारी अंगणात नव्या काठ्या तासत बसले होते, चक्क गुणगुणत. आईने मला खुणेने थांबवलं आणि हळूच म्हणाली, "इतके खूश कधी बघितले होतेस?" म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या दोन वर्षं लांबला. मी भित्री होते, आणि खरं सांगायचं तर ते आनंदात असले की घरात आम्हालाही बरं जायचं. अंड्यांपेक्षा मला घरातली शांतता प्यारी झाली.

पाचव्या वर्षी अकरा घरटी उरली. एका दुपारी काका सगळ्या काठ्या उपटून, काखेत मारून घरी आले आणि पायरीवर बसले. त्या दिवशी चपला वाकड्यातिकड्या पडल्या होत्या.

"काठीजवळचं एकही वाचलं नाही," ते म्हणाले. "दोन पिल्लं मात्र पळताना दिसली. ते घरटं मला सापडलंच नव्हतं, म्हणून वाचलं." थोड्या वेळाने म्हणाले, "कावळ्यांना मीच पत्ते लिहून दिले. पाच वर्षं." मग माझ्याकडे बघितलं. "तुला कधी काही दिसलं होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. जन्मभर दिसला तो आकडा लिहीत आलेला माणूस, समोरचाही तसाच बोलतो असं धरून चालायचा.

त्यानंतरही काका दांड्यावर जात राहिले, पण स्टूल टाकायचे ते सुरुवातीलाच, पक्ष्यांकडे पाठ करून. माणूस जिकडे बघतो तिकडे कावळा बघतो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तिथे बसून कुत्री हाकलायची आणि लोकांना हात जोडून परत पाठवायचं. तीन हंगाम त्यांनी एकही सुरय पाहिला नाही. पाठीमागे किरकिर ऐकू आली की म्हणायचे, "आहेत." एवढंच.

मग ते अंथरुणाला खिळले. हंगाम सुरू झाला तसं स्टुलावर मी जाऊन बसू लागले. संध्याकाळी परत आले की विचारायचे, "आवाज आला?" मी आला म्हणायचे. ते खरंच होतं.

एकदा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तू त्या काठ्यांचं मनाला लावून घेतलंयस, मला कळतं," ते म्हणाले. "नको घेऊस. तू नुसता रंग दिलास. चूक माझी एकट्याची. तुला दिसलं असतं तर तू लगेच सांगितलं असतंस."

मी हो म्हणाले.