माझ्या आधी उमटणारी अक्षरं

२०२४ साली मला बहात्तरावं चालू होतं आणि उजवा हात थरथरायला लागला होता. घरात कोणाला माहीत नव्हतं. चहाचा कप मी डाव्या हाताने उचलायचो. उजवा बंडीच्या खिशात.

शाळा चौथीपर्यंत. पण जळगावच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेला. आमच्या समाजाची वधू-वर सूची दर वर्षी माझ्याच हातून निघायची. छापखाना बंद पडला तरी सूची माझ्याकडेच राहिली. तिच्यात कधी चूक निघाली नाही. हे मी सांगायचो तसं लोकही सांगायचे.

त्या पावसाळ्यात समाजाने ठरवलं, सूची आता वेबसाइटवर. माझी सून घरी बसून दुकानदारांच्या वेबसाइट बनवते, काम तिच्याकडे आलं. ती म्हणाली, तुम्ही लोकांनी भरून दिलेले अर्ज वाचून दाखवा, मी भरते. मी ऐकलं नाही. पान जिथे रचलं जातं तिथेच बसून नोंदी मी जुळवणार, दुसऱ्याने जुळवलेलं माझ्या नावावर खपवणार नाही, असं सांगितलं.

मग तिने मला तीन एडिटर दाखवले. एडिटर म्हणजे वेबसाइटचं पान ज्याच्यात लिहितात ती पाटी. पहिला अगदी कोरा, पांढऱ्यावर काळं. दुसरा रंगीत. कंस उघडून बंद करायचा राहिला तर खाली लाल रेघ ओढायचा. तिसऱ्यात मी दोन अक्षरं दाबली आणि पुढची अख्खी ओळ राखाडी रंगात आपोआप येऊन उभी राहिली. एक बटण दाबलं की ती काळी होऊन पानात बसायची.

मी खुर्ची मागे सरकवली. माझ्या मनातलं याला कोणी सांगितलं?

"त्याला माहीत काही नसतं, आबा," सून म्हणाली. "मागचं बघून पुढचं ठोकून देतो. तुम्ही दुसरा घ्या. हा तुमच्या आधी बोलतो."

तिचं खरं होतं. पण तिसऱ्यात बटणं कमी दाबावी लागत होती, आणि जितकी कमी दाबायची तितका माझा हात कमी दिसणार होता. मी म्हटलं, मला हाच पाहिजे. तिने तोच लावून दिला.

सुरुवातीला मी प्रत्येक राखाडी ओळ अर्जाशी ताडून बघायचो. गाव असोदा लिहिलं की तो पुढे 'शेती, केळी' आणून ठेवायचा, आणि अर्जात तेच असायचं. दहा वेळा बरोबर निघालं तर अकराव्या वेळी माणूस किती बघतो? छापखान्यात प्रूफ दोनदा वाचल्याशिवाय मी यंत्रावर चढू दिलं नाही. इथे मात्र वाचणं कधी सुटलं ते मलाच कळलं नाही. दिवाळीपर्यंत सगळ्या नोंदी झाल्या. समाजाने सत्कार केला, नारळ मी डाव्या हातात घेतला.

पुढच्या वैशाखाच्या शेवटी दोंडाईचाचे एक गृहस्थ भरदुपारी आले. त्यांच्या मुलीची नोंद मीच केलेली. पाणी प्यायले, चहाला नको म्हणाले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भाऊ, बठ्ठी लगीनसराई गई. एक फोन उना नही. मन्ही पोरमा काय खोट शे?"

मुलगी शिकलेली, दिसायला चांगली. आणि अख्ख्या लगीनसराईत तिच्यासाठी एकही फोन नाही. मग त्यांनी सांगितलं की साक्रीकडचं एक बिजवर स्थळ आलंय. बायको वारलेली, दोन मुलं, वय मुलीच्या दुप्पट. परवा होकार कळवायचा. नोंद एकदा बघून घेतली होती का, असं मी विचारलं. म्हणाले, फोटो बघितला. बाकी तुमच्या हातचं, त्यात काय बघायचं?

ते गेल्यावर मी नोंद उघडली.

आमच्यात प्रत्येक नोंदीत दोन कुळं असतात, बापाचं आणि आईच्या माहेरचं. एका कुळातली माणसं भाऊबहीण मानतात, त्यांच्यात लग्न होत नाही. या मुलीच्या नोंदीत दोन्ही ओळींत एकच कूळ होतं. एडिटरने वरची ओळ बघून खालची ठोकलेली, आणि मी बटण दाबलेलं. वाचणाऱ्याला दिसणार काय, तर हिच्या आईबापाने भाऊबहिणीत संसार थाटला. असलं कोणी तोंडावर विचारत नाही. वाचतात आणि पुढच्या मुलीकडे जातात. गावोगावच्या घरांत सहा महिने हे गुपचूप चाललं होतं आणि मी नारळ घेऊन बसलो होतो.

जुने अर्ज पोत्यात भरून ठेवले होते, त्यातून तिचा काढला. त्यावर कूळ वेगळं होतं, स्वच्छ अक्षरात.

सुनेने बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आबा, आत्ता बदलते. कोणाला कळणारसुद्धा नाही."

 छापलेली चूक निदान कागदावर राहते. ही पुसली की झालीच नव्हती. पण ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून कोण पुसणार? मी तिला म्हटलं, बदल, पण पहिल्या पानावर चूक कोणाची ते माझ्या नावाने लिही. ती म्हणाली, मग लोक बाकीच्या नोंदींवरही संशय घेतील.

मी पोत्यातले आणखी अर्ज काढून ताडायला लागलो. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. सातव्याला पुन्हा तेच, दोन ओळी, एक कूळ. पोतं अजून भरलेलंच होतं.

"घेऊ दे संशय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेकडच्या पॅसेंजरने दोंडाईचाला गेलो. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दार मुलीनेच उघडलं. मी पिशवीतून अर्ज काढून तिच्यापुढे धरला. कागद हातात फडफडत होता, तिने आधी हाताकडे बघितलं. हात मी मागे घेतला नाही. म्हणालो, वडिलांना बोलाव, आणि तूही इथेच थांब.