चाळीसच्या चाळीस ट्राउट

"चाळीसच्या चाळीस बाद? नक्की ना?" पुण्याच्या लॅबमधून मॅडमनी फोनवर विचारलं. "हिमाचलची हॅचरी चार वाजता ते मासे काढून टाकणार आहे."

"नक्की, मॅडम," मी ठणकावून सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते.

मी नळदुर्गला घरी बसून जीनोमचा डेटा तपासते. हे मासे ट्राउट होते, सॅल्मनच्या घराण्यातले, हॅचरीत म्हणजे पैदास केंद्रात अंड्यांसाठी राखलेले. त्यांच्या एका जीनमध्ये डीएनएचं एक अक्षर वेगळं असलं की मासा रोगाला लवकर बळी पडतो. माझ्या रिपोर्टात ते वाईट अक्षर प्रत्येक माशात होतं. जोडीला चांगलं अक्षरही होतं, म्हणजे प्रत्येकाला आई-बापांपैकी एकाकडून खोट आलेली.

माझे वडील, आप्पा, जेवायला आले होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. त्यांना सांगितलं तर हसायलाच लागले.

"एक बी साफ न्हाय? आगं, नर-मादी दोघांत बी खोट असली तरी एखादं पिल्लू साफ निघतंच की! तुझंच कायतरी चुकलंय."

लई राग आला. पण मेंढरांच्या पैदाशीत त्यांचा हिशोब कधी चुकला नव्हता. ताट सरकवून लॅपटॉप उघडला.

यंत्र डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचतं. ते तुकडे जुळवायला एक नमुना लागतो, त्याला रेफरन्स म्हणतात. सॅल्मन-ट्राउटचे रेफरन्स ऑनलाइन फुकट मिळतात. मी नवी आवृत्ती उघडली आणि बघतच राहिले. या माशांच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम कोट्यवधी वर्षांपूर्वी दुप्पट झाला होता. पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांना दिसलं. माझा जीन एका क्रोमोसोमवर, त्याचा जुळा दुसऱ्यावर. इतक्या काळानंतरही दोघांत जेमतेम चार-दोन अक्षरांचा फरक. बाप रे, केवढं हे! आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी ते वाचून, जुळवून, कुणालाही बघता यावं म्हणून उघडं ठेवलेलं. अंगावर काटा आला.

मग माझा रिपोर्ट पुन्हा उघडला. मी वापरलेल्या जुन्या आवृत्तीत हे दोन जीन एकच धरले होते, म्हणून दोघांचे तुकडे एकाच जागी येऊन बसले होते. ते 'वाईट' अक्षर जुळ्याचं होतं. तिथं ते सगळ्याच ट्राउटमध्ये असतं आणि काही बिघडवत नाही.

"मॅडम, थांबवा त्यांना! चूक माझी आहे."

"आत्ता सांगतेस?" त्या कडाडल्या. पण पुढचा फोन त्यांनी हॅचरीलाच लावला. चारला काही मिनिटं असताना पाण्यात उतरलेलं जाळं वर घेतलं गेलं.

नव्या रेफरन्सवर सगळं पुन्हा चालवलं. सहा मासे खरोखर सदोष निघाले. चौतीस साफ.

आता सगळ्या माशांचं उत्तर एकसारखं आलं, की मी पहिला संशय स्वतःच्याच कामावर घेते.